बीटच्या सुपामागची संकल्पना

परदेशात, स्लोटरडाइकला आमच्या ऑफिसजवळ नव्या धर्तीचं स्लाव्हिक रेस्टॉरंट उघडलं, तेव्हा आम्ही चौघे पुणेकर हौसेने जेवायला गेलो. वाढायला साठीची एक पोलिश बाई होती. परातीएवढ्या बशीत तिने बीटच्या सुपाचे चार चमचे आणून ठेवले आणि हात मागे बांधून, शाळेतल्या कवितेसारखी, त्यामागची संकल्पना म्हणून दाखवली. आम्ही समजल्यासारख्या माना डोलावल्या.

तिची पाठ वळताच मी खिशातून लसणीच्या चटणीची पुडी काढली. ती नेमकी परत आली. मी ओशाळलो. तिने चिमूटभर चटणी चाखली आणि हळूच म्हणाली, "मीही डबा घरूनच आणते."

मग शेजारच्या टेबलापाशी जाऊन तिने पुन्हा हात मागे बांधले.

निघताना आम्ही अभिप्रायाच्या वहीत 'अविस्मरणीय' असं लिहिलं.