द्वारका बोलते की देवी

घोडबंदरच्या द्वारकाला देवाधर्माचं फारसं वेड नव्हतं. गाव खाडीकाठचं, विहिरी खारट. बायका पार डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून हंडे आणत. १९६४ साली गावानं श्रमदानानं देवीचं देऊळ बांधलं. मिठागरात दिवसभर राबलेले पुरुषसुद्धा गाणी म्हणत दगड वाहत होते. ते बघून द्वारका देवळाचे पुढारी शिवदास यांच्याकडे गेली.

"काका, हेच हात डोंगराखाली लागले तर गोड्या पाण्याची विहीर होईल."

"बघू. आधी कळस होऊ दे."

कळस झाला, मग दीपमाळ, मग मंडपाची फरशी. विहिरीचं 'बघू'च राहिलं. तिची जाऊ सुगंधा भरल्या दिवसांत हंडा घेऊन घसरली आणि तिचं मूल गेलं.

त्या नवरात्रात आरती चालू असताना द्वारका केस सोडून घुमायला लागली. "मला फरशी दिलीत, माझ्या लेकींना पाणी न्हाय दिलं!"

शिवदास तिच्या पायांवर लोळले. दिवाळीच्या आत विहिरीला गोडं पाणी लागलं.

द्वारका मात्र धुमसत होती. "इतकी वर्षं मी घसा फोडला, तर कुनी ऐकलं न्हाय," ती नवऱ्याला, धर्माला, म्हणाली.

"काम झालं ना?" धर्मानं विषय संपवला.

तो संपला नाही. लोक तापानं फणफणलेली पोरं तिच्या दारात आणू लागले. दवाखान्यात न्या म्हटलं, तर अंगारा मागायचे. देवी रोगाची लस टोचणारे आले तेव्हा गावानं पोरं लपवली. द्वारका घरोघर फिरली. शेजारच्या विमलाबाईंनी विचारलं, "हे तू सांगतेस का देवी?"

"मी सांगते."

"मग मंगळवारपर्यंत थांबू. देवीचा वार आहे, तीच काय ते सांगेल."

द्वारका तडक देवळात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या अंगात काय आलं नव्हतं. मी सोंग केलं होतं."

शिवदासांनी हात जोडले. "देवी आपली परीक्षा बघतेय."

मंगळवारी ती पुन्हा घुमली. झाडून सगळ्या पोरांना लस मिळाली. घरी येऊन तिनं ओटीतले नारळ अंगणात भिरकावले.

पुढे मुलींसाठी सातवीपर्यंतच्या वर्गांची गोष्ट निघाली. या वेळी द्वारका म्हणूनच बोलायचं, असं तिनं ठरवलं. ती गावच्या सभेत उभी राहिली, नीट समजावून बोलली. पुरुषांनी चहा पीत ऐकलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. वर्ग सुरू व्हायला १९७८ उजाडलं. तोवर तिच्या धाकट्या लेकीचं, सुलूचं, लग्न होऊन गेलं होतं.