एक सहकारी

घडीकाकांचं खरं नाव आमच्या ऑफिसात फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते घडीकाका. कुणी अडलं की त्याच्या खुर्चीमागे येऊन हाताची घडी घालून उभे राहायचे, शाळेतल्या शहाण्या मुलासारखे. दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट म्हणून लावायचे नाहीत. "तुझ्या हातानं कर. मी आहे इथे."

त्याला कारण होतं. पन्नाशीला टेकल्यावर ते व्हर्जन कंट्रोल शिकले. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर, त्यातून जुनी प्रत कधीही परत काढता येते. पण नीट येत नसेल तर घातही होतो. पहिल्याच महिन्यात काकांनी मदत म्हणून एका पोरीच्या मशीनवर बटणं दाबली आणि तिचं तीन आठवड्यांचं काम साफ उडवलं. पोरगी रडली, काकाही रडले म्हणतात. तेव्हापासून घडी.

पुढे हेच शिकवायची जागा त्यांना मिळाली. दर बुधवारी तीन वाजता वर्ग. वर्गाला काळं कुत्रं फिरकत नसे. पंधरा मिनिटं रिकाम्या खुर्च्यांकडे बघून काका उठायचे आणि मजल्यावर फेरी मारायचे, कोण अडलंय बघत. मी नवीन असताना रडवेली होऊन ओरडले होते, "काका, सगळं गेलं हो!" ते शांतपणे म्हणाले, "जातंय कुठं? मागे जाऊन बघ, सापडेल." सापडलं. बायको गेल्यापासून ते थोरल्या बहिणीकडे राहत, आणि ऑफिस हेच त्यांचं जग होतं.

मग साहेबांनी सर्व्हे काढला: लोक व्हर्जन कंट्रोल शिकतात कसे? निष्कर्ष काढायचं काम माझं. एकशे अठ्ठावीस जणांनी फॉर्म भरला. मीही भरला, घाईघाईत. नियम एकच होता, अहवालात कुणाचंही नाव राहता कामा नये. शेवटच्या मोकळ्या चौकटीत लोकांनी 'घडीकाका' लिहिलेलं मला दिसलं. पाच-सहा ठिकाणी असेल, असं वाटलं. मी शहाणीनं काय करावं? 'घडीकाका' शोधा, 'एक सहकारी' घाला. एक बटण. किती ठिकाणी बदललं ते बघितलंसुद्धा नाही. काम वेळेत झालं म्हणून खूश होऊन घरी गेले.

तक्ता झकास दिसत होता. वर्गातून शिकलेले, शंभरात सहा. पुस्तिकेतून, अकरा. सहकाऱ्याकडून, अडुसष्ट. साहेब म्हणाले, "म्हणजे लोक एकमेकांकडूनच शिकतात. मग शिकवायला वेगळा माणूस कशाला?" आणि माझ्याकडे वळून, "बरोबर ना?"

"आकडे तरी तेच सांगतायत," मी म्हणाले. जीभ झडली नाही माझी.

निरोपाच्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझा अहवाल वाचला. खरंच आहे गं. वर्गाला कोण येत होतं? उगाच एवढी वर्षं वाटत राहिलं, की आपला काही उपयोग होतोय." आणि घडी घालून हळूहळू जिना उतरले.

दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तो अहवाल उघडला, आणि माझ्याच हातून त्यातली पानं उडाली. मागे वळून पाहिलं, खुर्चीमागे कोणी नव्हतं. मागे जाऊन बघ, सापडेल. मी जुन्या प्रती एकेक काढत गेले आणि हाती लागली ती अगदी पहिली, नावं पुसायच्या आधीची. पाच-सहा कुठले! मोजत गेले. एकसष्ट जणांनी लिहिलं होतं, घडीकाका. अडुसष्ट टक्के सहकारी म्हणे! त्यातला बहुतेक एकच माणूस होता, आणि त्याला मी पुसलं होतं.

साहेबांपुढे कागद ठेवला. ते बराच वेळ वाचत बसले. "हे तेव्हा का नाही दाखवलंस? आता ती जागाच राहिली नाही."

तो कागद घेऊन काकांच्या घरी गेले. दार बहिणीनं उघडलं. हळूच म्हणाल्या, "खिडकीशी बसून असतो दिवसभर. बोलतच नाही गं." मी सगळं कबूल केलं, नियम, बटण, सगळं. काकांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवून एकसष्टही वाचल्या. मग त्यांनी वर पाहिलं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसले असावेत.

"यातली तुझी कुठली?"

माझी चौकट कोरी होती. आपल्याच सर्व्हेत काय कौतुकं लिहायची, म्हणून मी ती सोडून दिली होती.

मी मधल्याच एका ओळीवर बोट टेकवलं. 'घडीकाका मागे उभे असले की भीती वाटत नाही.'

"वाटलंच मला," काका म्हणाले, आणि ती ओळ त्यांनी बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवली.