पेशंट गेला, पॉइंट वाढले

“फेल झाल्यावर पॉइंट? मॅडम, मग पास व्हायचं कोणी?”

कार्तिक सर खुर्चीत मागे रेलून हसले. हैदराबादच्या एका खासगी हॉस्पिटलचे ते एचआर हेड. त्यांच्या नव्या नर्सेसच्या ट्रेनिंगसाठी मी एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम तयार करून आणला होता. माझं कामच ते. ऐकणाऱ्यांना वाटतं, मोबाइलवरचा गेम असेल. तसं नाही. टेबलाभोवती चार-पाच जणी बसतात. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी. ‘पेशंटला धाप लागलीय. काय करता?’ असं मी विचारते. प्रत्येक जणी आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देते आणि दोन फासे टाकते. बेरीज पुरेशी आली तर जमलं, नाही तर फसलं. सोप्या कामाला लहान बेरीज पुरते, अवघड कामाला मोठी लागते.

यात पात्राला अनुभव मिळतो. खेळणारे त्याला एक्सपी म्हणतात. एक्सपी साठला की पात्र नवं कौशल्य शिकतं. जुन्या खेळांत तो बहुधा जिंकल्यावर मिळतो. राक्षस मारला, घे एक्सपी. काही नव्या खेळांत नेमकं उलट असतं. फासा फसला की एक्सपी. ज्याचं जमलं त्याला यश मिळालंच की. ज्याचं फसलं त्याच्या पदरात निदान अनुभव तरी पडू दे. आणि हरण्याची भीती गेली की माणूस अवघड कामाला हात घालतो.

मी मुद्दाम हाच नियम घेतला होता. नव्या नर्सला सगळ्यात जड काय जातं? सलाइन लावणं नाही. तापट डॉक्टरला फोन करून ‘आत्ताच्या आत्ता या’ म्हणणं जड जातं.

“ठीक आहे, ट्रायल घेऊ,” सर म्हणाले.

ट्रायल छान चालली. शबाना नावाची एक नर्स होती, अफझलगंजची. पहिल्या सेशनला तिचा आवाजच निघेना. पुढे तीच टेबलावर हात आपटून म्हणाली, “हौ डॉक्टरसाब, गुस्सा करो, मगर आओ!” सगळ्या खो खो हसल्या. फासा फसला. तिने एक्सपीची खूण केली आणि फासे पुन्हा उचलले. “रोको नक्को मॅडम, मैं फिर डालती.”

त्यानंतरच्या सेशनला गेले, तर टेबलावर माझी नियमांची शीट्सच नव्हती. नवी छापलेली होती. त्यावर नियम होता: एक्सपी फक्त यशाला. कुठलंही यश चालेल, सोपं असो वा अवघड. वर मुलींनी सांगितलं, हे पॉइंट कन्फर्मेशनला धरणार आहेत. म्हणजे प्रोबेशन संपल्यावर नोकरी पक्की होणार की नाही, ते माझ्या खेळातल्या फाशांवर ठरणार! आणि मला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तिथूनच फोन लावला. “सर, हा खेळ आहे, परीक्षा नाही.”

“मॅडम, डेटा आयता मिळतोय. का सोडायचा? आज चालवून तर बघा.”

मी उठून गेले असते, तर सेशन बुडाल्याचा भुर्दंड मुलींनाच पडला असता. दात-ओठ खात चालवलं.

केस साधी होती. ऑपरेशन झालेला पेशंट, पोट फुगतंय, चेहरा पांढरा पडतोय. आतून रक्तस्राव होतोय हे ओळखायचं आणि सर्जनला बोलवायचं. अवघड फासा.

“मी बीपी घेते,” पहिली म्हणाली. सोपा फासा. जमलं. पॉइंट.

“मी चार्ट भरते.” पॉइंट.

“मी ड्रिप बघते.” पॉइंट.

“अब्बी सर्जन को बुलाना है,” शबाना म्हणाली. फासा फसला. सर्जन म्हणाले, ऑब्झर्व्ह करा. शून्य. पुढच्या फेरीला तिने पुन्हा फोन लावला. पुन्हा शून्य. तिच्या मदतीला एकीने तरी यावं? दोघींनी मिळून सांगितलं तर फासा सोपा होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण फसलं तर पॉइंट कोण घालवणार? परत बीपी, परत चार्ट. मी सांगत होते, पेशंट थंड पडतोय. त्या माझ्याकडे न बघता फासे टाकत होत्या. या मुली वाईट नव्हत्या. ट्रायलमध्ये याच एकमेकींसाठी धावत होत्या.

पेशंट गेला. टेबलावर सगळ्यांचे पॉइंट वाढले. शबाना सोडून.

काही दिवसांनी तिचा फोन आला. कन्फर्मेशन पुढे ढकललं होतं. कारण दिलं होतं: ‘लो परफॉर्मन्स इन सिम्युलेशन.’ ती रडली नाही. एवढंच विचारलं, “मॅडम, मैं गलत खेली क्या?”

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी अंबरपेठच्या घरून निघाले ती थेट नर्सिंग सुपरिंटेंडंट देशपांडे मॅडमच्या केबिनमध्ये. त्याही इथल्याच मराठी, नल्लकुंट्याच्या. आमचं बोलणं मराठीत. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कार्तिक सरांना बोलावून घेतलं.

“बसा,” मॅडम त्यांना म्हणाल्या. “तीच केस आपण खेळू. तुमच्याच नियमाने.”

सरांना वाटलं, गंमत आहे. पहिली फेरी. “मी चार्ट बघतो.” जमलं. दुसरी फेरी. “मी पुन्हा चार्ट बघतो.”

“पेशंट पांढरा पडलाय सर,” मी म्हणाले.

“हो, पण चार्टला पॉइंट पक्के आहेत ना?”

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. पण कबूल कुठे करतात! “मॅनेजमेंटला नंबर लागतात, मॅडम. मी काय करू?”

“नंबर तुम्ही ठेवा,” देशपांडे मॅडम म्हणाल्या. “पेशंट मरताना चार्ट भरणारी मला माझ्या वॉर्डात नको. शबानाच्या कन्फर्मेशनची मी शिफारस करते. तुम्हाला अडवायचं असेल तर कारण लिहून द्या.”

लिहून द्यायला कोण तयार होतं? महिना संपायच्या आत शबाना पर्मनंट झाली.

माझं काम मात्र तिथे थांबलं. ‘गेम सब्जेक्टिव्ह वाटतो’ असा मेल आला. आता तिथल्या नर्सेस मोबाइलवर चार पर्यायांतला एक निवडतात. सरांचा आलेख चढता आहे म्हणे.

तेव्हापासून करारात पहिलं कलम घालते: टेबलावरचे पॉइंट टेबलावरच राहतील. ते वाचून काही कंपन्या परत फोनच करत नाहीत. बरंच आहे. आधीच कळतं.