हैदराबादचं काम

बाई चिडल्या की त्यांचा हात स्थिर व्हायचा. तुमचा-माझा हात रागात थरथरतो, पाण्याचा ग्लासही धरवत नाही. बाईंचं उलटं होतं. गेमच्या मशीनच्या बोर्डावर केसाएवढी तार सोल्डर करायची वेळ आली, की त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "तुझा शेठ आज काय काय बोलला, सांग." मी सांगायचो. त्यांचे ओठ घट्ट मिटायचे, नाकपुड्या फुलायच्या, आणि तार जिथं बसायला हवी तिथं पहिल्याच फटक्यात बसायची. "झालं. आता गप बस," असं म्हणून त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या.

सुनंदाबाई त्यांचं नाव. आम्ही नुसतं बाई म्हणायचो. नांदेडच्या आयटीआयमध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, वर्गात मुलगी ती एकटीच. लग्न होऊन लातूरला आल्या. नवरा गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून आधी टीव्ही, मग मोबाइल आणि शेवटी गेमची मशीनं उघडायला लागल्या. शेठचं टीव्ही-मोबाइलचं आणि गेमच्या मशीनचं दुकान शिकवण्यांच्या भागात, बाईंचं घर तिथून दोन गल्ल्या मागं. मी सहा वर्षं त्या दुकानाच्या काउंटरवर बसलो. पुण्याहून, आखातातून वापरलेली मशीनं यायची. आमच्याकडच्या धुळीनं त्यांची डिस्क वाचणारी काच वर्षभरात आंधळी व्हायची. बाई आतलं सॉफ्टवेअर बदलून, गरज पडली तर एक बारकी चिप बसवून, तेच मशीन हार्ड डिस्कवर चालतं करून द्यायच्या.

आणि हे सगळं हैदराबादला होतं, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो.

शेठचा तसा नियमच होता. "मशीन हैदराबादला जातंय, आठ दिवस लागतील." बाई संध्याकाळपर्यंत काम उरकायच्या. मशीन मग सात दिवस आमच्या माळ्यावर पडून राहायचं आणि आठव्या दिवशी हैदराबादहून परत यायचं. वर मी गिऱ्हाइकाला तोंड भरून सांगायचो, की तिथला कारागीर म्हणजे एक नंबर. मी एकदा शेठला विचारलं, खरं सांगितलं तर काय होईल? तो म्हणाला, "लोक बिचकतात रे." कशाला बिचकतात, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. एक तर बाईमाणूस. दुसरं म्हणजे ती गल्ली आणि टेबलावरचा बाबासाहेबांचा फोटो. लातुरात नुसता पत्ता सांगितला तरी समोरच्याला काय कळायचं ते कळतं. मलाही कळत होतं. कळूनही मी सहा वर्षं हैदराबाद हैदराबाद करत राहिलो, याची आज मला जितकी चीड येते तितकी शेठचीही येत नाही.

शेठ कधीमधी स्वतः मशीन घेऊन यायचा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. बाई न चुकता विचारायच्या, "चहा टाकू का?" शेठ न चुकता म्हणायचा, "नको, उपास आहे." सोमवारी उपास, बुधवारी उपास, शुक्रवारी उपास. तो गेला की बाई म्हणायच्या, "लई देवाचं माणूस हाय. माझ्या दारात आलं की उपास लागतो त्याला." मला मात्र त्या मोठा कप भरून द्यायच्या, आणि मी तो पिऊन मनातल्या मनात स्वतःला चांगला माणूस समजायचो.

बाईंचा राग शेठपुरता नव्हता. कोणी म्हणालं, "बाई, सॉफ्टवेअर मारून द्या," की त्या भडकायच्या. "मारायचं काय त्यात? ते काय डास हाय? सॉफ्टवेअर टाकत्यात." मशीनवर चिकटवलेली 'उघडल्यास हमी रद्द' ही पट्टी त्या नखानं काढायच्या आणि म्हणायच्या, "इकत घेतलंय ना ह्यानं? मग झाकण कुणाचं, कंपनीचं?" मे महिन्यात त्या विशेष पेटायच्या. ही मशीनं करणाऱ्यांनी लातूरचा उन्हाळा बघितलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या खालच्या पत्र्याला भोकं पाडून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आत बसवायच्या. इतका बेतशीर, की गिऱ्हाइकाला तो कंपनीचाच वाटायचा.

प्रत्येक मशीनबरोबर त्या एक चिठ्ठी द्यायच्या. वर गिऱ्हाइकाचं नाव, गाव. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं: इंटरनेटला जोडू नका. मशीननं अपडेट विचारलं तर 'नाही' दाबा. कारण बदललेल्या मशीनवर कंपनीचं अपडेट चढलं, की ते काळी स्क्रीन दाखवून बसतं. पहिली चिठ्ठी शेठनं पाहिली आणि माझ्या अंगावर खेकसला, "हैदराबादच्या कामाला मराठी चिठ्ठी कशी येईल? डोकं आहे का?" तेव्हापासून चिठ्ठ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये जायला लागल्या. मी सूचना तोंडी सांगायचो, आठवली तर. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या विचारायच्या, "चिठ्ठी देतूस ना?" मी मान हलवायचो.

मग औशाचा गुत्तेदार आला. रस्त्यांची कामं करणारा, मागंपुढं दोन गाड्या. मशीन न्यायला आला त्या दिवशी दुकानात लग्नसराईची गर्दी होती. मी पिशवी हातात दिली आणि अपडेटचं सांगायचं विसरलो. त्याच्या घरी मशीन इंटरनेटला जोडलं, अपडेट विचारलं, कोणीतरी 'हो' दाबलं. तिसऱ्या दिवशी गुत्तेदार दुकानात ते मशीन काउंटरवर आपटून शेठचा आणि हैदराबादचा उद्धार करत होता.

शेठनं हात जोडले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. "साहेब, हैदराबादचं कामच नाही ते. मागच्या गल्लीत एक बाई आहे, तिनं वाट लावली."

चांगलं झालेलं प्रत्येक काम हैदराबादचं होतं आणि बिघडलेलं पहिलं काम बाईंचं. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

आम्ही तिघं बाईंच्या दारात गेलो. भर दुपार, ओट्यावर शेजारच्या बाया गहू निवडत बसलेल्या. गुत्तेदार जे बोलला ते मी इथं लिहिणार नाही. शेवटी एवढंच, की "असल्यांच्या हातात मशीन देतंच कोण?" बाई हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभ्या होत्या. हात जराही हलत नव्हता.

"चिठ्ठी वाचली व्हती का?" त्यांनी विचारलं.

"कसली चिठ्ठी?"

बाईंनी शेठकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. 'चिठ्ठी मी दिली नाही' एवढं बोलायचं होतं. मी आपल्या चपलांकडं बघत उभा राहिलो.

"बरं," त्या म्हणाल्या. मग गुत्तेदाराला म्हणाल्या, "ठेवून जा. चार दिसात चालू करून देते."

"पुन्हा तुझ्या हातात?" तो हसला आणि मशीन उचलून गेला.

त्या दिवसापासून बाईंनी शेठचं काम बंद केलं. मग मशीनं खरोखर हैदराबादला जायला लागली. महिना-महिना यायची नाहीत, आणि आली की गिऱ्हाइकं कुरकुरायची, की हैदराबादचं काम पहिल्यासारखं राहिलं नाही.

मी चार दिवसांनी बाईंकडं गेलो. त्या काम करत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं मान वर न करता म्हणाल्या, "चहा इचारत न्हाई. आज तुझाबी उपास असंल."

शेठनं मला त्याहून कितीतरी घाण शिव्या दिल्या असतील. एकही एवढी लागली नव्हती.

पुढच्या रविवारी ड्रॉवरमधला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून मी त्यांच्यासमोर ठेवला आणि माफी मागितली. माफीकडं त्यांनी लक्षच दिलं नाही. एकेक चिठ्ठी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, फाडून टाकतील. त्यांनी पेन घेतला आणि प्रत्येक चिठ्ठीखाली सही करायला लागल्या. पूर्ण नाव, आडनावासकट. खाली गल्ली, घर नंबर, लातूर. सगळ्या झाल्यावर गठ्ठा माझ्याकडं सरकवला.

"एवढ्या लोकाला सांगायचं राह्यलंय तुझं. ही समदी मशीनं कवाबी बंद पडतील. जा, ज्याची त्याला नेऊन दे. आन् काम कुणी केलंय तेबी सांग."

"शेठ कामावरून काढील, बाई."

"मग?"

मी मोटारसायकलवरून फिरलो. रेणापूरचे एक गुरुजी चिठ्ठी वाचून म्हणाले, "म्हणजे हे लातुरातच झालं होतं? मग आठ दिवस कशाला लावले हो?" शिरूर अनंतपाळच्या एकानं चिठ्ठी मशीनच्या झाकणावरच चिकटवून टाकली आणि बाईंचा फोन नंबर मागितला. लातुरातल्या एकानं पत्ता दोनदा वाचला, "बरं बरं" म्हणाला, आणि वर्षभर घरात असलेलं ते मशीन माझ्यादेखत ओल्या फडक्यानं पुसायला लागला. माझा हात इतका थरथरायला लागला, की गाडीची किल्ली लागेना. बाईंना येऊन सांगितलं. वाटलं, आता त्या पेटतील.

"पुसू दे," त्या म्हणाल्या. "धूळ तरी निघंल."

शेठनं मला काढलं. महिनाभरात सगळ्या चिठ्ठ्या गेल्या, एक सोडून. गुत्तेदाराची. तिथं जायची माझी छाती नव्हती. त्याचं मशीन तर मेलेलंच आहे, आता चिठ्ठी देऊन काय होणार, असं मी स्वतःला समजावायचो. बाईंकडं गेलो की पहिला प्रश्न ठरलेला.

"औशाला गेलास?"

"नाही अजून."

"मग चहाबी न्हाई अजून."

हे त्या हसून म्हणायच्या, पण चहा खरोखरच टाकायच्या नाहीत. आता गिऱ्हाइकं थेट त्यांच्या दारात यायला लागली होती, सगळी नाही, पण यायची. त्यांना चहा मिळायचा. मी बाजूला बसून बघायचो. पुढच्या रविवारी नक्की जातो म्हणायचो. असे किती रविवार गेले, सांगायची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी छातीत दुखलं आणि संध्याकाळी सगळं संपलं. टेबलावर एक मशीन उघडंच होतं, त्यात पंखा अर्धा बसवलेला.

तेराव्या दिवशी मी औशाला गेलो. गुत्तेदाराच्या पडवीत दहा-बारा माणसं बसली होती. मी उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, की मशीन बाईंनी बिघडवलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी दिली होती, ती मी दाबून ठेवली. तुम्ही दारात शिव्या घालत होता तेव्हा मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. त्यानं वाचली, खालचं नाव वाचलं, पत्ता वाचला.

"आता कशाला उकरायलाव हे?" तो म्हणाला. "ती बाई तर गेली म्हणत्यात."

"म्हणूनच आलोय."

मग त्यानं आतल्या बाजूला हाक मारली आणि मला खुर्ची दाखवली. "बरं, बसा. चहा घेऊन जा."

"नको," मी म्हणालो. "माझा उपास आहे."