डॉक्टर आले तरी बसून राहायचं

मुलींनो, तुम्ही विचारता, नर्सची नोकरी सोडून स्वतःचा सल्ल्याचा धंदा काढायला जिद्द कुठून आणली? खरं सांगू? सुडातून. राग वाईट म्हणतात. असेल बाई. माझ्या रागानं मला रोज पहाटे उठवलं.

नव्वदनंतरची गोष्ट. आचोळ्याच्या एका नर्सिंग होममध्ये मी सिस्टर होते. तिथं डॉक्टरांसमोर सिस्टरनं बसायचं नाही, असा नियम. काउंटरपाशी खुर्चीच ठेवली नव्हती, म्हणजे प्रश्नच मिटला. एकदा दुसरी सिस्टर आली नाही म्हणून मी सलग दोन ड्युट्या केल्या. पाय सुजून चपलेत मावेनात. पेशंटच्या बाकावर जरा टेकले, आणि नेमके डॉक्टर जिना उतरले. भरल्या ओपीडीत म्हणाले, "काय राणीसरकार, विडा मागवू? उठा आणि घरी जा. बसून खाणारी बाई मला नको."

आई माझी खाडीकाठची, भातशेतीतली. तिच्यापुढे रडले. "त्याचं वाटोळं होऊ दे," म्हटलं. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रडतेस कोनासाठी? राग बर्फात घालून ठेव. पाचूबंदरला पापलेट ठेवतात तसा. आत्ता उघडा टाकलास तर नासंल, नि वास तुझ्याच घरात सुटंल."

ठेवला.

तेव्हा आमच्याकडे तळमजल्यावरचे दोन फ्लॅट जोडले की नर्सिंग होम तयार. डॉक्टर शिकलेले, पण हत्यारं किती वेळ वाफवायची, घाण कापूस कुठल्या डब्यात टाकायचा, रात्रीच्या सिस्टरनं सकाळच्या सिस्टरला काय काय सांगून जायचं, ही घडी बसवणार कोण? मला ते येत होतं. ठरवलं, आता हेच करायचं.

पहिलं बोलावणं आगाशीच्या डॉक्टरांचं. मला केबिनमध्ये खुर्ची दिली. डॉक्टर आत आले आणि मी ताडकन उभी! हात मागे, मान खाली. ते म्हणाले, "हां सिस्टर, ड्युटीवर कधीपासून येताय?" आणि मी मूर्ख, "सोमवारपासून," म्हणून मोकळी झाले. बसमध्ये बसल्यावर कळलं, मी धंदा काढायला गेले होते आणि नोकरी घेऊन आले.

मग घरी तालीम. आमचे हे बेडरूमच्या दारातून आत यायचे, "डॉक्टर आले हं!" मी उठायची. "परत उठलीस! चहा तूच कर." चार दिवस चहा मीच केला. पाचव्या दिवशी ते आले तेव्हा मी खुर्चीला चिकटून बसले आणि म्हटलं, "या डॉक्टर, बसा." त्या दिवशी चहा त्यांनी केला. सोमवारी आगाशीला गेले आणि बसूनच सांगितलं, "मी नोकरीला नाही आले. तुमच्या नर्सिंग होमची घडी बसवायला आलेय." मिळालं काम.

सवयी विचारता ना, तर माझ्या दोनच. नळाला पाणी यायच्या आधी उठून कालची स्वतःची चूक वहीत लिहायची. आणि कुठंही गेलं, की डॉक्टरांना भेटण्याआधी अर्धा तास पेशंटच्या बाकावर बसायचं. कुठली पोर एकच हातमोजा दोन पेशंटना वापरते, ते केबिनमधून दिसत नाही, बाकावरून दिसतं. आणि हो, त्या जुन्या डॉक्टरचं नाव कुणापुढे काढायचं नाही. जिभेवर यायचं, गिळायचं. बर्फ.

काही वर्षांनी फोन आला. "मॅडम, आमच्या नर्सिंग होमची सरकारी तपासणी आहे, जरा येऊन जाल का?" आवाज मी ओळखला. त्यानं मला ओळखलं नाही.

मी लवकर गेले. तोच बाक, तीच गर्दी. काउंटरपाशी अजून खुर्ची नव्हती. एक कोवळी सिस्टर पाय बदलत उभी होती. जिन्यावर बूट वाजले आणि माझे गुडघे, मेले जुने नोकर, उठायला निघाले. मी बाकाची कड घट्ट धरली. नाही उठले.

शेवटच्या पायरीवर त्यानं ओळखलं. "तुम्ही?"

"मीच. बसून खाणारी."

"आत चला ना, केबिनमध्ये."

"नको. इथं बरं दिसतं सगळं. कागद-पेन घ्या, लिहा."

बसायला जागा शोधली त्यानं. बाक भरलेला. मग भिंतीला टेकून उभ्यानं लिहिलं सगळ्या पेशंटसमोर, आणि मी सावकाश सांगितलं. मुद्दाम सावकाश. हातमोज्यांचं तर दोनदा लिहायला लावलं.

"आता शेवटचं. सिस्टरला काउंटरपाशी खुर्ची. आत्ता."

"उद्या मागवतो."

"केबिनमध्ये तुमची आहे की. पाठ टेकता येते ती, तीच आणा."

आणली. स्वतः उचलून. ती पोर बसेना, डॉक्टरांकडे बघत राहिली. म्हटलं, "त्यांच्याकडे काय बघतेस? बस." ती बसली.

तपासणी नीट पार पडली. काम मी चोख केलं होतं. आता तुम्ही विचाराल, माफ केलंत का? नाही. ठरलेल्या कामात माफी धरलेली नव्हती.