बॉयलरची काच बघायला गेलतो

धारूरहून सकाळची पहिली एसटी धरली. चौथी शिकलेला माणूस प्रवास लिहिणार म्हटल्यावर सून हसली. मी म्हणालो, इतके सीझन बॉयलरचं पाणी बघितलं, प्रवास लिहायला त्याहून जास्त अक्कल लागते का?

जायचं कारण असं. आमचा सहकारी कारखाना दुष्काळामुळं दोन वर्षं बंद होता. यंदा थोडाफार ऊस आहे म्हणून पेटवायचं ठरलं. पाणी भरलं, तर बॉयलरची काच (आत पाणी किती ते दाखवणारी उभी नळी) रिकामी, आणि कंट्रोल रूममधला पडदा म्हणतो बॉयलर निम्मा भरलाय. दुसरी काच तडकली म्हणून काढलेली. खरं कुणाचं, हे विचारायला इंजिनीअरसाहेबांनी मला फोन केला. रिटायर माणसाला असा फोन येतो, हे शेजाऱ्यांनाही कळावं एवढ्या आवाजात मी बोललो.

दिवाळी नुकतीच झालती, पण घाटातला डोंगर चैतातल्यासारखा उघडा. खाली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळलेली.

तेलगावला गाडी बदलायची होती. हॉटेलात चहा सांगितला, पाणी मागितलं. पोऱ्या नव्हता, मालकानंच ग्लास आणला, तोही निम्मा.

"निम्माच का?"

"चहा तर पुरा दिलाय की, काका."

पुढच्या गाडीत शेजारी एक ऊसतोडीची बाई बसली. आईला गावी सोडून परत निघाली होती. कारखान्यात चाललोय म्हटल्यावर ती म्हणाली, "मामा, तुमची वट असंल तर सांगा. आमच्या कोप्यांवर (पाचटाच्या झोपड्यांवर) दोन दिस झाले, टँकर न्हाई. बॉयलरलाच लागतंय म्हणत्यात."

"सांजच्या आत येईल. माझा शब्द हाय."

"मोठी माणसं शब्द लई देत्यात," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून खिडकीबाहेर बघू लागली.

धुराड्यावर कबुतरं बसलेली दिसली, तेव्हा कारखाना आला हे कळलं. गेटवर वॉचमननं सलाम केला. आत एकच टँकर उभा. ड्रायव्हर विचारत होता, "कुठं रिकामा करू? बॉयलरकडं का कोप्यांकडं?"

साहेबांबरोबर इन्स्ट्रुमेंटची टेक्निशियन होती. सुरेखा, धर्मापुरीची. पिवळी टोपी, हातात पक्कड. ती म्हणाली, "मामा, ट्रान्समीटर दोनदा तपासला. पडदा बरोबर हाय."

"बाई, तुझा पडदा काल आला. काच आगीपुढं म्हातारी झाली. ती खोटं बोलत न्हाई."

"मग टँकर बॉयलरला?" साहेबांनी विचारलं.

"बॉयलरला," मी म्हणालो.

सुरेखा म्हणाली, "ओता की. पण काच आधी धुवायची, मग तिचं खरं मानायचं, हा नियम मामांचाच ना?"

नियम माझाच. मी विसरलो होतो, पण तसं बोललो नाही. गुडघे कुरकुरत होते तरी कुणाचा हात न धरता लोखंडी जिना चढलो. ती मागून आली.

काचेच्या खालच्या कॉकला (पाणी आत सोडणाऱ्या तोटीला) तांब्याची तार बांधलेली. तीन पीळ, आणि टोक आत दाबलेलं. तसं मीच बांधतो. माझ्या शेवटच्या सीझनला तो कॉक थेंब थेंब गळत होता, आणि पाणी टँकरचं. बॉयलर थांबल्यावर मी कॉक गच्च बंद करून बांधला, कुणी हात लावू नये म्हणून. पुन्हा बॉयलर पेटलाच नाही. खालून पाणी शिरायला वाटच नव्हती, मग काच काय दाखवणार?

कचरा अडकलाय असं सांगून मोकळं होता आलं असतं. मी मागं तिच्याकडं हात केला. तिनं पक्कड दिली. तार काढली, कॉक सोडला, काच धुतली. पाणी चढलं आणि बरोबर मध्यावर थांबलं.

"तार माझी हाय," मी खाली साहेबांना ऐकू जाईल असं म्हणालो.

"माहीत हाय. मी काल बघितली," सुरेखा म्हणाली.

"मग सोडली कावून न्हाई?"

"फिटर म्हणले, मामांची गाठ हाय, हात लावू नको. आन् मी फोनवर सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं?"

"न्हाई."

"मग?"

तिनं वरूनच ड्रायव्हरला हात केला. टँकर कोप्यांकडं वळला.

परतीची गाडी कोप्यांवरूनच जाते. टँकरभोवती घागरी लागल्या होत्या. सकाळच्या बाईनं मला खिडकीत ओळखलं आणि ओरडली, "मामा, शब्दाला जागलात!" मी हात वर केला. गाडी पुढं गेली.

घरी सुनेनं विचारलं, खरं कुणाचं निघालं? पडद्याचं, मी म्हणालो. ते सांगताना जड गेलं नाही. पण तो हात वर केला, ते चुकलं. त्या बाईला सांगायला पाहिजे होतं, की माझ्या शब्दावर तुझं पाणी बॉयलरमध्ये जाणार होतं, तुझ्याकडं वळवलं ते सुरेखानं. तेवढ्यासाठी एसटी थांबत नाही, म्हणून इथं लिहिलं.