चेहऱ्यांचा तक्ता

सोमवार. शाळा समितीच्या बैठकीला हजर: अध्यक्ष दत्तूभाऊ, पालकांतर्फे शोभाताई आणि मुख्याध्यापिका म्हणून मी. विषय एकच. मुलांच्या मनाच्या तासाचं सरकारी अनुदान बंद झालं आहे आणि तो घेणाऱ्या ताई आता येणार नाहीत.

"बाई, राग ओळखायचा कसला तास? मला तो घरी रोज फुकट मिळतो!" दत्तूभाऊ म्हणाले. शोभाताई हसल्या. मीही हसले, आणि माझी नजर भिंतीवर गेली.

तिथे ताईंनी लावलेला चेहऱ्यांचा तक्ता आहे. सकाळी जसं वाटत असेल तशा चेहऱ्याला मुलं आपल्या नावाचा, कपडे वाळत घालायचा चिमटा लावतात. ताई गेल्या, तरी लावतात. चौथीतल्या रेश्माचा चिमटा आठवडाभर भेदरलेल्या चेहऱ्यावरच आहे.

मुलांना सांगायला शिकवलं आणि ऐकणारं माणूस काढून घेतलं, याची मला धास्ती वाटते. मी रेश्माला विचारलं आणि तिने खरंच सांगितलं, तर पुढे काय करायचं? ताईंना ते ठाऊक होतं. मला छप्पर, पोषण आहार आणि पटसंख्या सांभाळता येते.

अनुदानासाठी अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. रेश्माला जवळ बोलावून विचारायचं अजून राहिलं आहे.